अब्जांश कणांचा शरीरातील मागोवा

शरीरात टोचलेले, गिळलेले अथवा श्वासावाटे आत गेलेले अब्जांश कण कोणत्या मार्गाने पसरतात, कोणत्या इंद्रियात किती प्रमाणात साठतात आणि शरीराबाहेर केव्हा व कसे टाकले जातात, हे शरीर न उघडता प्रतिमांच्या साहाय्याने ठरविण्याची वैद्यकीय पद्धती. सामान्यतः १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जावा भाग) मापाच्या कणांना अब्जांश कण म्हणतात. वैद्यकात मात्र काही शे नॅनोमीटर व्यासाच्या कलिल कणांचाही विचार याच विषयात केला जातो [⟶ कलिल]. मानवी रक्तातील तांबड्या कोशिकेचा (पेशीचा) व्यास सु. ७,५०० नॅनोमीटर असतो. म्हणजे १०० नॅनोमीटर व्यासाचा कण तिच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा असतो.

अशा कणांचा उपयोग निदानासाठी, कर्करोगावरील औषधे वाहून नेण्यासाठी, लसींमध्ये आणि लोहाच्या कमतरतेवरील उपचारांत केला जातो. कण जेथे पोहोचावा अशी अपेक्षा असते तेथे तो पोहोचला की नाही, यावर औषधाचा गुण अवलंबून असतो. जेथे पोहोचू नये तेथे तो किती काळ राहिला, यावर त्याचा अपाय अवलंबून असतो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अनुमानाने देता येत नाहीत. त्यासाठी मागोवा घ्यावा लागतो व घेतलेल्या मागोव्याचा अर्थही काळजीपूर्वक लावावा लागतो.

शरीरातील प्रसार : नीलेत (शिरेत) टोचलेल्या कणांवर काही क्षणांतच रक्तद्रवातील प्रथिनांचे आवरण चढते. यांपैकी काही प्रथिनांमुळे कण परका असल्याचे ओळखले जाते आणि महाभक्षी कोशिका (बाह्य पदार्थ गिळून टाकणाऱ्या कोशिका) त्याचे भक्षण करतात. या कोशिका मुख्यतः यकृत, प्लीहा (पाणथरी) व अस्थिमज्जा यांत असतात. यकृतातील अशा कोशिकांना कुप्फर कोशिका म्हणतात. यकृतातून रक्त सतत व मोठ्या प्रमाणात वाहत असल्यामुळे बहुतेक कणांचा शेवट तेथेच होतो. कणावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकाचे आवरण दिल्यास प्रथिने त्यावर सहजी चिकटत नाहीत व कण रक्तात अधिक काळ फिरत राहतो.

कणाचा आकार हा दुसरा महत्त्वाचा घटक होय. वृक्कातील (मूत्रपिंडातील) केशवाहिन्यांची गाळणी अतिसूक्ष्म कणांनाच वाट देते. प्राण्यांवर करण्यात आलेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही मर्यादा सु. ५.५ नॅनोमीटर आढळली. त्याहून लहान कण मूत्रावाटे बाहेर पडतात, तर मोठे कण शरीरातच अडकतात. अडकलेल्या कणाचे विघटन होऊ शकत असेल, तर त्याचे घटक शरीराच्या व्यवहारात मिसळून जातात. लोह ऑक्साइडाच्या कणांतील लोह शरीरातील लोहसाठ्यात जमा होते. कणाचे विघटन होत नसेल, तर तो वर्षानुवर्षे तेथेच राहू शकतो.

थोरोट्रास्टचे उदाहरण : न विघटणाऱ्या कणांच्या मुक्कामाचे परिणाम काय होतात, हे थोरोट्रास्ट या द्रव्याच्या इतिहासावरून दिसून येते. थोरियम डाय-ऑक्साइडाचे हे कलिल १९३० च्या सुमारास क्ष-किरण चित्रणासाठी प्रचारात आले. ते क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेत असल्यामुळे रक्तवाहिन्या, यकृत व प्लीहा यांची चित्रे स्पष्ट उमटत. रुग्णाला तत्काळ फारसा त्रास होत नसे, म्हणून ते सुरक्षित समजले गेले. तथापि यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांतील महाभक्षी कोशिकांत साठलेले हे कण रुग्णाच्या आयुष्यभर तेथून हलले नाहीत. थोरियम-२३२ चे अर्धायुष्य (किरणोत्सर्गी अणूंची संख्या निम्मी होण्यास लागणारा काळ) सु. १,४०० कोटी वर्षे असल्यामुळे आल्फा कणांचा मारा अखंड चालू राहिला. वीस-तीस वर्षांनंतर अशा रुग्णांत यकृताचे कर्करोग आणि रक्ताचे कर्करोग अधिक प्रमाणात आढळू लागले. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल व जपान या देशांत या रुग्णांचे दीर्घकालीन अभ्यास झाले. १९५० नंतरच्या दशकात हे द्रव्य वापरातून गेले.

या उदाहरणात कण व त्याची खूण एकच होती. थोरियम स्वतःच क्ष-किरण अडवीत असल्यामुळे अनेक वर्षांनी घेतलेल्या चित्रांतही यकृत व प्लीहा ठळक उमटलेली दिसत. आज वापरात असलेल्या बहुतेक पद्धतींत मात्र कण वेगळा व त्याला जोडलेली खूण वेगळी असते. प्रतिमेत खूण दिसते, कण दिसत नाही. या विषयातील बहुतेक अडचणी या एका भेदातून उद्‌भवतात.

मागोव्याचे तत्त्व : एखाद्या पदार्थातील थोड्या अणूंच्या जागी त्याच मूलद्रव्याचे किरणोत्सर्गी अणू घातल्यास त्या पदार्थाचा प्रवास प्रारणावरून ओळखता येतो, हे तत्त्व गेऑर्ख हेव्हेशी यांनी मांडले. १९२३ साली त्यांनी किरणोत्सर्गी शिशाच्या साहाय्याने वनस्पतीतील शिशाच्या वहनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कार्याबद्दल त्यांना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अब्जांश कणांच्या बाबतीत कणाच्या पृष्ठावर अथवा गाभ्यात किरणोत्सर्गी अणू बसविला जातो. हा अणू कणाला घट्ट धरून राहील आणि त्यामुळे कणाचे गुणधर्म बदलणार नाहीत, या दोन गृहीतांवर सर्व मोजमाप आधारलेले असते.

खुणेचे अर्धायुष्य कणाच्या प्रवासकालाशी जुळणारे असावे लागते. काही मिनिटांत यकृतात जाणाऱ्या कणासाठी ६ तास अर्धायुष्य असलेले टेक्नेशियम-९९एम पुरते. अनेक दिवस रक्तात फिरणाऱ्या कणासाठी इंडियम-१११ (२.८ दिवस), झिर्कोनियम-८९ (३.३ दिवस) किंवा आयोडीन-१२४ (४.२ दिवस) यांचा उपयोग करतात.

प्रतिमादर्शनाच्या पद्धती : (१) गॅमा कॅमेरा : हॅल अँगर यांनी १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत तयार केलेल्या या उपकरणात शरीरातून बाहेर येणारे गॅमा किरण शिशाच्या छिद्रपटातून स्फटिकावर पडतात व तेथे प्रकाशाचे स्फुल्लिंग उमटते. स्फुल्लिंगांच्या जागांवरून इंद्रियाची प्रतिमा तयार होते. कॅमेरा रुग्णाभोवती फिरविल्यास संगणकाच्या साहाय्याने शरीराच्या छेदांच्या प्रतिमाही मिळतात.

(२) पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शन (पेट) : या पद्धतीत खुणेतून बाहेर पडलेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनाशी मिळून नष्ट होतो आणि परस्परविरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. दोन्ही एकाच वेळी टिपल्यामुळे त्यांचा उगम ज्या रेषेवर असेल ती रेषा निश्चित होते. या पद्धतीने खुणेचे प्रमाण अंकांत सांगता येते, हा तिचा मोठा गुण होय.

(३) चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन (एमआरआय) : लोह ऑक्साइडाचे कण जेथे साठतात तेथील पाण्याच्या अणुकेंद्रांचे संकेत लवकर क्षीण होतात व ती जागा प्रतिमेत काळी दिसते. निरोगी यकृतातील कुप्फर कोशिका कण गिळतात, म्हणून यकृत काळे पडते. कर्करोगाच्या गाठीत या कोशिका बहुधा नसतात, म्हणून गाठ उजळ राहते. या तत्त्वावरील एका द्रव्याला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे त्याचे उत्पादन थांबविण्यात आले. या पद्धतीत प्रारणाचा धोका नसतो. परंतु किरणोत्सर्गी पद्धतींच्या मानाने कणांची फार मोठी मात्रा द्यावी लागते व काळेपणावरून कणांचे प्रमाण काढणे कठीण जाते. चुंबकीय कणांचे संकेत थेट टिपणारी एक निराळी पद्धती २००५ मध्ये हँबर्ग येथील संशोधकांनी मांडली. तीत शरीरातील पाण्याचा संकेत आड येत नाही.

(४) इतर पद्धती : सोन्याचे कण क्ष-किरण चांगले अडवितात, परंतु संगणकीय छेददर्शनात (सीटी) ते ओळखू येण्यासाठी मोठी मात्रा लागते. अनुस्फुरण (प्रकाश पडताच स्वतः प्रकाशणे) असणारे कण उंदरांवरील प्रयोगांत सोयीचे असतात. मानवात मात्र ऊतकांतून (समान कोशिकांच्या समूहांतून) प्रकाश फार खोल जात नसल्यामुळे त्यांचा उपयोग त्वचेजवळील भाग व शस्त्रक्रिया यांपुरता मर्यादित राहतो.

यांपैकी कोणत्याही पद्धतीने रुग्णाच्या शरीरातील एकेक कण दिसत नाही. रुग्णालयातील पेट यंत्रात सु. ५ मिमी. अंतरावरील दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. हे अंतर १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणाच्या ५०,००० पट आहे. यंत्र दाखविते तो असंख्य कणांचा समुच्चय असतो. कण रक्तवाहिनीतच आहे, कोशिकांच्या मधल्या जागेत आहे की कोशिकेच्या आत गेला आहे, हे अशा प्रतिमेवरून सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील सोय : भारतात या कार्याचा पाया तुर्भे (ट्रॉम्बे) येथे घातला गेला. तेथील अप्सरा (१९५६), सायरस (१९६०) व ध्रुव (१९८५) या अणुभट्ट्यांमुळे देशात किरणोत्सर्गी समस्थानिकांचे उत्पादन शक्य झाले. १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या परिसरात किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र स्थापन झाले. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पेट यंत्र २००२ मध्ये याच केंद्रात कार्यान्वित झाले. नवी मुंबईतील वाशी येथील किरणोत्सर्ग व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ रुग्णालयांना समस्थानिके व कलिल तयार करण्याचे संच पुरविते. संचातील द्रव्यात टेक्नेशियम मिसळून रुग्णालयातच कलिल तयार करतात. फायटेट या द्रव्याच्या बाबतीत तर कलिल कण बाटलीत नव्हे, तर रक्तातील कॅल्शियमाशी संयोग होऊन शरीरातच तयार होतात.

अणुभट्टीपासून दूरच्या गावी ही तपासणी कशी शक्य होते, हे एका साध्या हिशोबावरून कळेल. १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेले कराड मुंबईहून सु. ३०० किमी. अंतरावर आहे. वाहनाला सात तास लागतात असे धरल्यास मुंबईहून पाठविलेल्या टेक्नेशियमापैकी कराडला पोहोचेपर्यंत सु. ४५ टक्केच उरेल, १.८ तास अर्धायुष्याचे फ्ल्युओरीन-१८ तर सु. ७ टक्केच उरेल. याउलट, ज्याच्या क्षयातून टेक्नेशियम निर्माण होते त्या मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास असल्यामुळे त्याचा सु. ९३ टक्के भाग शिल्लक राहील. म्हणून टेक्नेशियम न पाठविता मॉलिब्डेनम असलेले जनित्र पाठवितात व त्यातून रोज लागेल तसे टेक्नेशियम वेगळे काढून घेतात. भारतातील अनेक रुग्णालयांत दीर्घकाळ हे काम मेथिल एथिल कीटोन या विद्रावाच्या साहाय्याने केले जात असे. आठवड्यानंतर जनित्रात सु. १७ टक्के मॉलिब्डेनम उरते व ते बदलावे लागते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या या युक्तीमुळेच टेक्नेशियमाच्या तपासण्या अणुभट्टीच्या शहराबाहेर पोहोचू शकल्या.

यकृत व लसीका ग्रंथी : टेक्नेशियमयुक्त गंधक कलिलाचे कण साधारणतः १०० ते १,००० नॅनोमीटर मापाचे असतात. ते नीलेत टोचल्यावर काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होतात. सु. ८० ते ८५ टक्के कण यकृतात, ५ ते १० टक्के प्लीहेत व उरलेले मुख्यतः अस्थिमज्जेत जातात. यकृत सूत्रण रोगाने (यकृताचे ऊतक तंतुमय होण्याच्या रोगाने) निकामी होऊ लागले, की कण यकृताऐवजी प्लीहा व अस्थिमज्जा यांत अधिक जमतात. अशा प्रकारे कणांच्या वाटणीवरूनच यकृताची स्थिती कळते.

स्तनाच्या कर्करोगात कलिलाचा उपयोग निराळ्या कारणासाठी होतो. गाठीपासून निघालेल्या लसीकावाहिन्या प्रथम ज्या ग्रंथीत शिरतात तिला प्रहरी ग्रंथी म्हणतात. तिच्यात कर्करोग नसेल, तर पुढील ग्रंथींत तो असण्याचा संभव फार कमी असतो. म्हणून गाठीजवळ किंवा स्तनाग्राभोवती कलिल टोचून, कण जेथे प्रथम साठतील ती ग्रंथी कॅमेऱ्याने व हातातील शोधकाने ओळखून तेवढीच काढून तपासतात. या कामी कणाचा आकार निर्णायक ठरतो : अगदी लहान कण केशवाहिन्यांतून रक्तात निसटतात, फार मोठे कण टोचलेल्या जागीच राहतात, १० ते १०० नॅनोमीटरांच्या आसपासचे कण लसीकेबरोबर वाहत जाऊन ग्रंथीत अडकतात. प्रहरी ग्रंथीची कल्पना १९७७ मध्ये काबान्यास यांनी शिश्नाच्या कर्करोगासंबंधी मांडली, १९९२ मध्ये मॉर्टन यांनी निळ्या रंजकाच्या साहाय्याने ती त्वचेच्या कृष्णकर्करोगासाठी वापरली आणि १९९३ मध्ये क्रॅग यांनी किरणोत्सर्गी कलिलाचा उपयोग स्तनाच्या कर्करोगात केला. या तपासणीमुळे काखेतील सर्व ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया अनेक स्त्रियांच्या बाबतीत टळते व त्यानंतर हाताला येणारी कायमची सूज टाळता येते.

औषधवाहक कण : डॉक्सोरुबिसीन हे कर्करोगविरोधी औषध आत भरलेल्या व पॉलिएथिलीन ग्लायकॉलाचे आवरण असलेल्या मेदकणांना अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. अर्बुदातील (कोशिकांच्या अत्यधिक वाढीमुळे बनलेल्या गाठीतील) रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्यामुळे असे कण गाठीत झिरपून साठतात, हे मत १९८६ मध्ये जपानमधील मात्सुमुरा व माएदा यांनी मांडले होते. मानवात हे कितपत घडते याची तपासणी लंडनमधील संशोधकांनी इंडियम-१११ ची खूण असलेल्या अशाच कणांच्या साहाय्याने केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १७ पैकी १५ रुग्णांच्या गाठी प्रतिमेत दिसल्या. परंतु गाठीच्या दर किलोग्रॅममागे जमलेले प्रमाण मस्तक व मान यांच्या कर्करोगात मात्रेच्या सु. ३३ टक्के, फुप्फुसाच्या कर्करोगात १८ टक्के व स्तनाच्या कर्करोगात केवळ ५ टक्के होते. प्रत्यक्ष गाठी याहून पुष्कळच हलक्या असतात. १०० ग्रॅम वजनाच्या गाठीत ३३ टक्क्यांच्या हिशोबाने मात्रेचा सु. ३.३ टक्के भागच पोहोचतो. प्राण्यांवरील दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा तर दिलेल्या मात्रेचा मध्यक ०.७ टक्के भागच गाठीत पोहोचतो असे दर्शवितो. उरलेला बहुतेक भाग यकृत व प्लीहा यांत जातो.

म्हणून औषध देण्यापूर्वी खूण असलेले कण देऊन त्या विशिष्ट रुग्णाची गाठ कण घेते की नाही हे पाहावे, असा विचार पुढे आला आहे. यकृताकडील ओढीचा लाभही घेता येतो : यकृतात तयार होणाऱ्या सदोष प्रथिनाचे उत्पादन थांबविणारे व मेदकणांतून दिले जाणारे एक औषध २०१८ मध्ये मान्य झाले. शरीरातून लवकर बाहेर पडतील असे कण बनविण्याचाही प्रयत्न होत आहे. सु. ७ नॅनोमीटर व्यासाच्या आणि आयोडीन-१२४ ची खूण असलेल्या सिलिका कणांची अमेरिकेत पाच रुग्णांवर पहिली चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार हे कण मुख्यतः वृक्कांवाटे बाहेर पडले.

प्रतिमांचा अर्थ लावताना होणाऱ्या चुका : खूण कणापासून सुटली, तर प्रतिमा कणाची न राहता सुटलेल्या खुणेची होते. सुटलेले टेक्नेशियम अवटू ग्रंथी, लाला ग्रंथी व जठर यांत जाते. सुटलेले फ्ल्युओरीन व झिर्कोनियम हाडांत जातात. यकृताच्या तपासणीत गळ्यातील अवटू ग्रंथी उजळलेली दिसली, तर कलिल नीट तयार झाले नव्हते असे समजतात. यासाठी द्रव्य टोचण्यापूर्वी वर्णलेखनाने (घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) त्यातील मोकळ्या खुणेचे प्रमाण तपासणे आवश्यक असते.

या चुकीचे महत्त्व एका वादावरून स्पष्ट होते. २००२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी टेक्नेशियमयुक्त कार्बनाचे अतिसूक्ष्म कण पाच निरोगी व्यक्तींना हुंगविले. मिनिटभरातच त्यांच्या रक्तात किरणोत्सर्ग आढळला. त्यावरून हवेतील धुराचे कण फुप्फुसातून झपाट्याने रक्तात जातात, असा निष्कर्ष काढण्यात आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतर अभ्यासांत मात्र खूण घट्ट राहील याची काळजी घेतली असता, बहुतेक सर्व कण फुप्फुसातच राहिल्याचे व रक्तात मुख्यतः सुटलेले टेक्नेशियम गेल्याचे दिसून आले. यावरून हवेतील कण निरुपद्रवी ठरत नाहीत. मात्र ते कोणत्या मार्गाने अपाय करतात याविषयीचा निष्कर्ष बदलतो.

याउलट प्रकारची चूकही संभवते. यकृतातील टेक्नेशियमाची प्रतिमा २४ तासांत मूळच्या सोळाव्या भागाइतकी क्षीण होते. कलिलाचे कण त्या वेळी यकृतातच असतात. नाहीसा होतो तो केवळ त्यांचा किरणोत्सर्ग. खुणेचे भौतिक अर्धायुष्य व कणाचे जैव अर्धायुष्य (शरीरातून निम्मे कण जाण्यास लागणारा काळ) या दोन वेगळ्या गोष्टी असून, प्रतिमेत दिसणारी घट या दोहोंची मिळून होते. म्हणून मोजमापात भौतिक क्षयाची दुरुस्ती करावी लागते. आणि खुणेच्या आयुष्यापलीकडे कणाचे काय झाले हे जाणण्यासाठी मल-मूत्राचे रासायनिक विश्लेषण, ऊतकांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व रुग्णांचे दीर्घकालीन निरीक्षण यांचाच आधार घ्यावा लागतो. थोरोट्रास्टचे दुष्परिणाम दिसून येण्यास दोन-तीन दशके लागली, तर आज वापरात असलेल्या बहुतेक खुणा काही तासांत किंवा दिवसांत विझतात. कोणत्याही नव्या कणाविषयी ‘प्रतिमेत दिसत नाही’ हे विधान ‘शरीरात नाही’ या विधानाच्या जागी वापरता येत नाही.